इस्त्रीपूर्वी कपडे ओलावण्याचे साधे यंत्र : कोकणच्या हवेत कोणते टिकेल?

खाडीकाठ (मालवण)

मालवण, तारकर्ली आणि देवबाग या पट्ट्यात घरगुती निवासव्यवस्था वाढल्यापासून चादरी, अभ्रे आणि पंचे धुऊन, इस्त्री करून देण्याचे काम आमच्या बचत गटाकडे नियमित येऊ लागले आहे. धुण्यासाठी यंत्रे आहेत, वाळवण्यासाठी लांब पडवी आहे आणि इस्त्र्याही चांगल्या आहेत. अडचण आहे ती वाळवण आणि इस्त्री यांच्या मधल्या पायरीची, म्हणजे कापड ओलावण्याची. ओंजळीतून किंवा भोके पाडलेल्या बाटलीतून शिंपडलेल्या पाण्याचे थेंब मोठे पडतात, त्यामुळे एका जागी कापड चिंब होते आणि वीतभर अंतरावर कोरडे राहते. जिचा हात सढळ तिच्या चादरी इस्त्रीखाली वेळ खातात, आणि जिचा हात आखडता तिच्या चादरींवरच्या सुरकुत्या दोनदा इस्त्री फिरवूनही जात नाहीत.

कापड ओलावायचे कशासाठी, हे गटातल्या सर्वांना समजावे म्हणून मी थोडा अभ्यास केला. सुती धागा सेल्युलोजचा असतो. त्यातील लांब रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि धुऊन पिळताना कापड जसे दुमडले जाते तशाच स्थितीत वाळताना ते बंध पक्के होतात. पाण्याचे रेणू धाग्याच्या सैल भागांत शिरले की हे बंध सुटतात. मग इस्त्रीच्या दाबाखाली कापड सपाट असतानाच पाणी उडून गेले की नवे बंध सपाट स्थितीत जुळतात. म्हणून पाणी प्रत्येक धाग्यापर्यंत पोहोचले पाहिजे, पण त्याहून जास्त असता कामा नये.

जास्त पाण्याची किंमत किती पडते याचा हिशेब मांडून पाहिला. ९० × १०० इंची दुहेरी सुती चादरीचे क्षेत्रफळ ५.८ चौरस मीटर भरते, आणि चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचे कापड धरले तर चादर ७०० ग्रॅमची होते. त्यात १२ टक्के, म्हणजे ८४ ग्रॅम पाणी घातले, तर ते ३० अंशांवरून तापवून वाफ करायला सुमारे २१४ किलोज्यूल उष्णता लागते. १००० वॅटच्या इस्त्रीची सगळी उष्णता कापडातच गेली असे मानले तरी याला साडेतीन मिनिटे लागतात. तेच पाणी २५ टक्के झाले तर वेळ साडेसात मिनिटांच्या आसपास जातो. अशा ४० चादरी असतील तर केवळ वाढीव पाणी उडवण्यात अडीच तास आणि अडीच युनिटांहून अधिक वीज जाते.

त्यामुळे मला पाणी मोजून आणि सारखे टाकणारे साधे यांत्रिक उपकरण हवे आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वरचेवर जाते. तेवढ्या वेळात निदान कापड ओलावून, गुंडाळून तयार ठेवता यावे, म्हणून ते हाताने किंवा पायाने चालणारे असावे. खाऱ्या हवेत ते टिकले पाहिजे आणि कुडाळच्या किंवा कणकवलीच्या एखाद्या कारागिराला दुरुस्त करता आले पाहिजे. या विषयातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हापूसबाग (देवगड)

तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आंब्याच्या बागेत आहे. बागायतदाराला मोहोरावर औषध सारखे बसवायचे असते आणि त्याचे सगळे कौशल्य दाब व नोझल या दोन गोष्टींत असते. पाठीवरच्या पंपात दांडा मारून हवेचा दाब तयार होतो, तो दाब पाण्याला नोझलमधल्या तिरकस खाचांतून गरागरा फिरवत बाहेर ढकलतो, आणि पाण्याचा पातळ पडदा फाटून त्याचे बारीक थेंब होतात. दाब वाढवला की थेंब बारीक होतात आणि दाब उतरला की ते मोठे पडू लागतात. घरात झाडांवर पाणी मारण्याची पिस्तुलासारखी बाटली असते, तिच्यात प्रत्येक दाबाला हे चक्र नव्याने सुरू होते आणि शेवटी दाब संपताना दोन-चार मोठे थेंब ठिबकतात. चादरीवर जे ओले डाग दिसतात ते बहुधा याच थेंबांचे असतात.

म्हणून बाटलीऐवजी हवा भरून ठेवता येईल असा दोन ते पाच लिटरचा दाबपंप घ्यावा आणि त्याला पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारे बारीक नोझल लावावे. एकदा हवा भरली की बराच वेळ अखंड फवारा मिळतो.

फवारा फार बारीक करण्याचा मोह मात्र टाळावा. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे पाव मीटर वेगाने खाली येतो, त्यामुळे तो हातभर अंतरावरच्या कापडावर लगेच बसतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा थेंब सेकंदाला जेमतेम तीन मिलिमीटर उतरतो. समुद्राच्या वाऱ्यावर तो पडवीबाहेर निघून जाईल आणि काम करणाऱ्या बाईच्या श्वासातही जाईल.

आणखी एक गोष्ट मी अत्यंत कळकळीने सांगतो. बागेत औषधासाठी वापरलेला पंप, नळी किंवा नोझल कितीही धुतले तरी कपड्यांसाठी कधीही वापरू नये. माणसे ज्यावर झोपतात त्या चादरीवर कीटकनाशकाचा अंश जाणे ही साधी बाब नाही. पंप नवाच घ्यावा आणि त्यावर ठळक खूण करून तो वेगळ्या खोलीत ठेवावा.

विहीरकाठ (राजापूर)

यंत्र कोणतेही घ्या, आधी पाणी पाहा. आपल्याकडचा जांभा दगड लोहाच्या ऑक्साइडमुळेच तांबडा असतो आणि कित्येक विहिरींच्या पाण्यात लोह विरघळलेले असते. उपसताना असे पाणी स्वच्छ दिसते, पण हवा लागली की त्यातले लोह तांबूस होऊन खाली बसते. हेच पाणी पांढऱ्या चादरीवर फवारून वर तापलेली इस्त्री फिरवली तर पिवळे ठिपके उमटतात आणि ते नेहमीच्या साबणाने जात नाहीत. क्लोरीनच्या ब्लीचने तर ते अधिकच पक्के होतात. काढायचेच झाले तर लिंबाच्या किंवा ऑक्झॅलिक आम्लासारख्या आम्लाने काढावे लागतात.

किनाऱ्यालगतच्या विहिरींची अडचण वेगळी आहे. एप्रिल-मे महिन्यांत त्यांचे पाणी मचूळ होते. ते नोझलमध्ये वाळले की क्षार साचून भोक अरुंद होते, आणि कापडात राहिलेले मीठ हवेतला ओलावा ओढून घेत असल्याने घडी घातलेली चादर दोन दिवसांत पुन्हा सरदते.

आमच्याकडे या कामासाठी पागोळ्यांचे पाणी वापरतात. पहिले काही पाऊस जाऊ देऊन कौले धुतली गेल्यावर ते फडक्यातून गाळून झाकणाच्या पिंपात भरून ठेवतात. फवारणीला पाणी लागते तरी किती? तुमच्याच हिशेबाने ४० चादरींना साडेतीन लिटर पुरतात, म्हणजे दोनशे लिटरचे एक पिंप भरपूर दिवस चालेल. पिंपाचे झाकण घट्ट असावे किंवा तोंडाला बारीक जाळी बांधावी, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

परीटवाडा (चिपळूण)

आमच्या घरी इस्त्रीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माझे आजोबा नारळाच्या करवंटीच्या कोळशावर पितळी इस्त्री तापवीत असत. त्या काळी कित्येक जण तोंडात पाणी घेऊन फुंकर मारीत आणि त्याचा फवारा खरोखर एकसारखा पडे. अमेरिकेतील चिनी धोबी त्यासाठी पितळेचे छोटे भांडे तोंडाला लावून फुंकत असत, असे मी वाचले आहे. तोंडाच्या पाण्याची पद्धत आरोग्याच्या दृष्टीने गेली ती योग्यच झाले, परंतु तिच्याबरोबर दुसरीही एक गोष्ट मागे पडली आणि तिचे मला अधिक वाईट वाटते. ती म्हणजे कापड मुरवणे.

पाणी मारलेला कपडा आजोबा कधीही लगेच इस्त्रीखाली घेत नसत. तो गच्च गुंडाळायचा, गुंडाळ्या एकावर एक रचायच्या, वर ओलसर पंचा टाकायचा आणि निदान तासभर थांबायचे. पिळाच्या धाग्यात तंतूंच्या मधल्या बारीक वाटांनी पाणी स्वतःच ओल्या जागेकडून कोरड्या जागेकडे सरकते, त्याला फक्त वेळ द्यावा लागतो. खळ दिलेल्या कपड्याला तर यावाचून गत्यंतर नाही. भाताच्या पेजेची खळ वाळून कडक झालेली असते. ती पुरती मऊ होण्याआधी इस्त्री फिरवली तर खळीचे पापुद्रे निघून इस्त्रीच्या तळाला चिकटतात.

घाटावर कपडे रात्रभर मुरवून ठेवलेले मी पाहिले आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात तसे करू नये. कोंदट हवेत ओल्या गुंडाळीवर बुरशीचे काळे ठिपके फार लवकर धरतात. सकाळी ओलावून दुपारपर्यंत इस्त्री संपवावी आणि उरलेले कापड उलगडून पुन्हा वाऱ्यावर टाकावे, हा नियम आमच्या घरी अजूनही पाळला जातो.

सरळमार्ग (अलिबाग)

मला या सगळ्या खटाटोपाची गरज समजत नाही. विजेच्या इस्त्रीचे पेटंट अमेरिकेत हेन्री सीली यांना १८८२ मध्ये मिळाले, आणि वाफेची इस्त्री १९२६ पासून बाजारात आहे. शंभर वर्षे जुन्या शोधाने ही अडचण सोडवलेली असताना शिंपडण्याचे यंत्र आता कशाला? दोन चांगल्या वाफेच्या इस्त्र्या घ्याव्यात आणि काम संपवावे.

खाडीकाठ (मालवण)

आपला प्रश्न रास्त आहे आणि आम्हीही आधी तोच मार्ग धरला होता. सदरा, कुर्ता किंवा अंगावर घालायच्या अन्य कपड्यांना वाफेची इस्त्री उत्तमच आहे. परंतु घरगुती वाफेची इस्त्री मिनिटाला साधारण २० ते ४० ग्रॅम वाफ सोडते. कडकडीत वाळलेल्या जाड सुती चादरीत ती वाफ खोलवर शिरण्याआधीच इस्त्री पुढे सरकलेली असते, आणि वाफ करण्यासाठी लागणारी उष्णता त्याच तळातून जात असल्याने तळ निवतो. दुसरे कारण विहीरकाठ यांनी सांगितलेच आहे. आमच्या मचूळ पाण्याने वाफेची भोके बुजतात आणि मग इस्त्री पांढऱ्या कापडावर तपकिरी थेंब टाकते. आधी ओलावून मुरवलेल्या चादरीला साधी, जड इस्त्री पुरते, हा आमच्या गटातील सर्वांचा अनुभव आहे.

सूतगिरणी (लांजा)

या चर्चेची वाट पाहत होतो असेच म्हणावे लागेल, कारण आपण जे शोधत आहात ते यंत्र मुंबईच्या गिरण्यांत होते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो माणसे गिरणगावात गेली, त्यांत माझे वडीलही होते. त्यांचे खाते कापडावरच्या शेवटच्या प्रक्रियेचे, ज्याला गिरणीत फिनिशिंग म्हणत. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले, पण त्या यंत्रांविषयी ते अखेरपर्यंत बोलत राहिले.

घोटाई करणाऱ्या जड रुळांमधून कापड नेण्याआधी ते सारखे ओलसर करावे लागते आणि त्यासाठी ब्रशाचे यंत्र असे. त्याची रचना इतकी साधी आहे की एकदा ऐकली की विसरत नाही. पाण्याच्या लांबट पन्हळीत एक गोल ब्रश आडवा बसवलेला असतो. त्याच्या केसांची टोकेच तेवढी पाण्याला लागतात. ब्रश वेगाने फिरतो तेव्हा केस थोडे थोडे पाणी घेऊन वर येतात आणि वरून जाणाऱ्या कापडावर ते बारीक थेंबांच्या रूपाने उडते. नोझल नाही, म्हणून बुजण्याचा प्रश्न नाही. कापडावर किती पाणी चढेल हे तीन गोष्टींवरून ठरते : ब्रश किती बुडला आहे, किती वेगाने फिरतो आहे आणि कापड किती वेगाने पुढे जाते आहे. एकदा ही तिन्ही प्रमाणे बसली की पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत ओलावा सारखा राहतो. ओलावलेले कापड रुळावर गुंडाळून काही तास तसेच ठेवीत, म्हणजे परीटवाडा यांच्या आजोबांचे मुरवणे गिरणीतही होते.

ज्यांच्या घरात जुने कापड आहे त्यांनी त्याच्या काठावर ‘सॅन्फोराइज्ड’ असा छाप पाहिला असेल. अमेरिकेतील सॅन्फोर्ड क्लूएट यांनी १९३० मध्ये पेटंट घेतलेल्या त्या प्रक्रियेतही, कापड आवळून त्याचे आटणे आधीच उरकून घेण्यापूर्वी, ते ठरावीक प्रमाणात ओलावलेच जाते. सांगायचे ते एवढेच की ओलावा मोजून देणे ही कापडाच्या धंद्यात नेहमीच स्वतंत्र आणि महत्त्वाची पायरी मानली गेली आहे, आणि आपण तिच्यासाठी वेगळे यंत्र मागता आहात त्यात काही अतिरेक नाही.

घरगुती आकारात हे करायचे तर ब्रश हात-दीड हात लांबीचा पुरे. फिरवण्यासाठी जुन्या शिलाई यंत्राचा पायटा वापरता येईल. त्याच्या मोठ्या चाकावरून लहान चाकाला पट्टा दिला की वेग कित्येक पटींनी वाढतो आणि दोन्ही हात चादर धरायला मोकळे राहतात. पायट्यावर ब्रश पुरेशा वेगाने फिरत नाही असे वाटले तर ब्रशाला अगदी जवळून एक आडवी पट्टी टेकवावी. केस तिला अडून वाकतात आणि सुटताना स्प्रिंगसारखे सरळ होऊन पाणी झटकतात. त्यामुळे वेग कमी असला तरी फवारा मिळतो.

माडाखाली (गुहागर)

ब्रशासाठी काथ्या चालेल का? आमच्या भागात तो स्वस्त आणि मुबलक मिळतो.

सूतगिरणी (लांजा)

काथ्या चिवट आहे आणि पाण्यात लवकर कुजत नाही, पण पांढऱ्या कापडासाठी तो घेऊ नये. नारळाच्या सोडणात टॅनिन असते, ते पाण्यात उतरून तांबूस रंग सोडते, आणि विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर टॅनिन आणि लोह मिळून काळपट डाग होतो. नायलॉनचे मऊ केस घ्यावेत. दांडा गंज न धरणाऱ्या पोलादाचा घेताना ३१६ क्रमांकाचा मागावा. नेहमी मिळणारा ३०४ क्रमांकाचा दांडा समुद्राजवळ तांबूस ठिपके धरतो, तर ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे तो खारट हवेला अधिक तोंड देतो. दांडा ज्यात फिरतो ती बुशे नायलॉनची करावीत, म्हणजे तेल लागणार नाही आणि तेलाचा थेंब चादरीवर उडण्याची भीतीही राहणार नाही. पन्हळीसाठी पीव्हीसीचा रुंद नळ उभा चिरून घेतला तरी चालतो.

हापूसबाग (देवगड)

ब्रशाचे यंत्र माझ्या दाबपंपापेक्षा सरस आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. अभ्रे आणि पंचे यांसारख्या लहान कापडांसाठी पंप ठेवावा आणि चादरींसाठी ब्रश करावा.

नंदादीप (दापोली)

एक शंका आहे. निवासांच्या चादरी आता बहुतेक सुती-पॉलिएस्टर मिश्रणाच्या असतात. त्यांनाही तेवढेच पाणी द्यायचे का? आणि पावसाळ्यात कापड मुळातच दमट असते, मग १२ टक्के हा आकडा कोणत्या आधारावर धरायचा?

खाडीकाठ (मालवण)

हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण आकडा ऋतूप्रमाणे आणि कापडाप्रमाणे बदलला नाही तर यंत्राचा उपयोग निम्मा होईल. हवेतील आर्द्रता ६५ टक्के असते तेव्हा सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सात ते आठ टक्के पाणी धरून असतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते, त्या वेळी हे पाणी १२ टक्क्यांच्या आसपास पोहोचते, म्हणजे निसर्गानेच चार-पाच टक्क्यांचे काम केलेले असते. तेवढे पाणी यंत्राने कमी टाकावे. पॉलिएस्टर मात्र अर्धा टक्काही पाणी घेत नाही आणि त्याच्या सुरकुत्या मुख्यतः उष्णतेने जातात. म्हणून निम्मे-निम्मे मिश्रण असेल तर सुती चादरीच्या निम्मे पाणी पुरावे आणि इस्त्रीचा ताप दोन ठिपक्यांच्या खुणेपर्यंत, म्हणजे १५० अंशांपर्यंतच ठेवावा. शुद्ध सुतीला तीन ठिपक्यांचा, २०० अंशांचा ताप चालतो. रेशमी वस्त्र कोणी दिले तर ते या यंत्राजवळही नेऊ नये, कारण रेशमावर पाण्याचे थेंब डाग ठेवतात.

यंत्र बसवताना अंदाजावर विसंबायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चादर ओलावण्याआधी आणि नंतर ठेवायची, फरक पाहायचा आणि त्याप्रमाणे पन्हळीतील पाण्याची पातळी वरखाली करायची. पातळी कायम राहावी म्हणून पन्हळीला एक उतरते भोक ठेवून वरून बारीक धार सोडायची आणि जादा पाणी खालच्या बादलीत जाऊ द्यायचे, अशी कल्पना आहे. भोकाची उंची बदलता आली की झाले. उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची अशी दोन भोके वेगवेगळ्या उंचीवर पाडून नको असलेले बुचाने बंद करता येईल.

परीटवाडा (चिपळूण)

दोन भोकांची कल्पना फार चांगली आहे. यंत्र इस्त्रीच्या मेजापासून चांगले दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवावे. जमीन ओली होणारच, आणि ओल्या जमिनीवर उभे राहून विजेची इस्त्री हातात धरणे धोक्याचे आहे. इस्त्रीच्या जागी लाकडी फळी किंवा रबरी चटई हवीच, आणि मीटरपाशी ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे सुरक्षा बटण बसवून घ्यावे. रोज काम संपल्यावर पन्हळ रिकामी करून ब्रश उन्हात वाळवावा, नाहीतर शेवाळी वास थेट चादरीला लागेल.

सूतगिरणी (लांजा)

पायट्याचा सांगाडा माझ्याकडे पडून आहे, तो आपण घेऊन जावा. ब्रश मात्र मापाने बनवून घ्यावा लागेल. केसांची उंची दोन बोटांपेक्षा जास्त ठेवू नका, लांब केस लवकर वाकतात. आणि केस दांड्यावर सरळ रांगांत न लावता पिळासारखे फिरवत लावायला सांगा. सरळ रांगा असल्या तर प्रत्येक फेरीला कापडावर ओले-कोरडे पट्टे पडतात.

खाडीकाठ (मालवण)

आपले मनःपूर्वक आभार. सांगाडा नेण्यासाठी गटातल्या दोघी येत्या आठवड्यात लांज्याला येतील. ब्रश पिळाच्या रांगांचा करायला सांगते, आणि पहिल्या चादरींची आधीची व नंतरची वजने याच चर्चेत लिहीन.